सत्काराचा नारळ आणि निरोपाचा नारळ
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत पाठ केले. राष्ट्रीय पक्षी मोर, राष्ट्रीय फूल कमळ, राष्ट्रीय खेळ हॉकी. गुरुजी विचारायचे, आम्ही एका सुरात उत्तर द्यायचो आणि मधल्या सुटीत क्रिकेट खेळायला पळायचो. पुढे 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात कोणीतरी सरकारला या बाबतीत विचारले. क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले, की आम्ही कोणत्याच खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही. म्हणजे इतकी वर्षे ज्याचा अभिमान बाळगला, त्याचा साधा कागदही नव्हता.

हॉकीला आपण असेच वागवले. तोंडावर अभिमान आणि हातात काही नाही. हे ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त आले, त्या महाराष्ट्राच्या खेळाडूविषयी आज बोलायचे आहे. त्याचे नाव धनराज पिल्ले.

धनराजचा जन्म 16 जुलै 1968 चा, पुण्याजवळच्या खडकीचा. खडकी म्हणजे लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना. हा कारखाना 1869 सालचा. आपल्या खान्देशातल्या माणसाला हे वातावरण समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. भोंग्यावर चालणारे आयुष्य, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा, देशाच्या सगळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे, एका घरातून फोडणीचा आणि दुसऱ्या घरातून सांबाराचा वास आणि या सगळ्यांच्या मधोमध एक मोठे मैदान. अशाच एका वसाहतीत धनराज वाढला. वडील नागलिंगम त्या मैदानाची निगा राखण्याचे काम करत. आई अंडालम्मा. घरात पाच मुलगे. मैदानाची निगा राखणाऱ्याच्या पगारात पाच मुलांचे पोट भरायचे, तर हॉकीची नवी स्टिक कुठून येणार? पोरे मोठ्यांच्या तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. मैदान मातीचे, पावसाळ्यात चिखलाचे. तरीही आईने पाचही मुलांना खेळू दिले. ‘अभ्यास सोडून काय मैदानावर उनाडता’ असे म्हणण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या माउलीचे मोठेपण कळते.

चिखलाच्या मैदानावर चेंडू सरळ येत नाही. तो अडतो, उसळतो, मधेच दिशा बदलतो. अशा मैदानावर ज्याला खेळायचे, त्याला चेंडू स्टिकला चिकटवूनच पळावे लागते. धनराजच्या खेळात पुढे जी चेंडूवरची पकड दिसली, तिचे मूळ मला त्या चिखलात दिसते. त्याचा आदर्श होता बनारसचा महंमद शाहिद. 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातला हा जादूगार. खडकीच्या तमिळ घरातले पोर बनारसच्या मुसलमान खेळाडूची नक्कल करत मोठे झाले. आपला देश कसा घडतो, हे सांगायला याहून साधे उदाहरण मला सुचत नाही.

इथे थोडे दूरच्या मुलखात जाऊ या. कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. पायात धारदार पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची चकती. या खेळातला सर्वांत मोठा मानला गेलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की. त्याचे वडील टेलिफोन कंपनीत कामाला होते. त्यांनी घरामागच्या परसात पाणी गोठवून मुलासाठी बर्फाचे मैदान तयार केले. इकडे खडकीत बाप दुसऱ्यांसाठी मैदान राखत होता आणि त्याच्या कडेने त्याची मुले खेळ शिकत होती. दोन बाप, दोन मैदाने आणि मुलांची जिद्द एकच. पण पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, ते पाहण्यासारखे आहे. ग्रेट्झ्की ज्या लीगमध्ये खेळला, ती 1917 मध्ये सुरू झालेली. तिथे खेळ हाच व्यवसाय. करार, पगार, सगळे लेखी. 1988 मध्ये त्याला एडमंटनच्या संघाने लॉस एंजेलिसच्या संघाला दिले, तेव्हा हा सौदा सरकारने रोखावा, अशी मागणी कॅनडाच्या एका खासदाराने केली. त्याने लीगमध्ये किती गोल केले? 894. हा आकडा तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. 2025 मध्ये रशियाच्या ओवेच्किनने तो विक्रम मोडला, तेव्हा जगाने तो क्षण साजरा केला.

आणि आपल्या धनराजने भारतासाठी किती गोल केले? सामने 339, हे सांगितले जाते. गोलांचा अधिकृत आकडाच नाही! 170 हून अधिक, असे तो स्वतः सांगतो आणि आकडेवारीचा छंद असलेले अभ्यासक त्याला दुजोरा देतात. ज्या संघटनेच्या नावाने तो पंधरा वर्षे पळला, तिने त्याचे गोल मोजून ठेवले नाहीत. आपल्याकडे किराणा दुकानदारसुद्धा उधारीची वही नीट ठेवतो.

धनराज आला, तेव्हा हॉकीची अवस्था काय होती, हेही पाहिले पाहिजे. 1928 ते 1980 या काळात भारताने हॉकीत आठ ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती. 1975 मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 ने हरवून विश्वचषक जिंकला. अस्लम शेर खानचा उपांत्य सामन्यातला बरोबरीचा गोल आणि अंतिम सामन्यातला ध्यानचंदांच्या मुलाचा, अशोक कुमारचा विजयी गोल, या गोष्टी मी वडिलांकडून इतक्या वेळा ऐकल्या, की मला त्या पाहिल्यासारख्या वाटतात. वडिलांनीही त्या पाहिल्या नव्हत्याच. रेडिओवर जसदेव सिंह यांच्या आवाजात ऐकल्या होत्या. पण पुढच्याच वर्षी, 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, गवताची जागा कृत्रिम मैदानाने घेतली आणि भारत थेट सातवा आला. कृत्रिम मैदानावर चेंडू वेगाने आणि सरळ धावतो. तिथे मनगटाच्या कसबापेक्षा दमसास आणि लांबचे पास यांना महत्त्व आले. युरोपातल्या देशांनी अशी मैदाने गावोगाव घातली. आपली पोरे मातीवर शिकायची आणि एकदम परदेशी गालिच्यावर जाऊन खेळायची. 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडमध्ये अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला 7-1 ने हरवले. 1986 च्या लंडनच्या विश्वचषकात आपण बारा संघांत बारावे आलो. मधल्या काळात, 1983 मध्ये, क्रिकेटचा विश्वचषक घरी आला होता. पोरांच्या हातात बॅट गेली ती गेलीच.

अशा पडत्या काळात एक सडपातळ, लांब केसांचा मुलगा खडकीहून मुंबईला गेला. थोरला भाऊ रमेश तिथे राष्ट्रीय केमिकल्सच्या संघाकडून खेळत होता. त्याने धनराजला हाताशी धरले. तिथून तो महिंद्र कंपनीच्या संघात आला आणि ज्योकिम कार्व्हालो यांच्यासारखा ऑलिम्पियन मार्गदर्शक त्याला लाभला. 1989 मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात तो पहिल्यांदा भारताकडून खेळला.

तेव्हाची पद्धत अशी, की हॉकीपटूला खेळाचे पैसे मिळत नसत, नोकरी मिळे. बँक, रेल्वे, पोलीस, विमान कंपनी, नाहीतर एखादा कारखाना. हजेरीपुस्तकात सही करायची आणि मैदानावर जायचे. नोकरी होती म्हणून हॉकी जगली, हे खरे आहे. पण त्यामुळे एक गैरसमजही रुजला. खेळाडूला नोकरी दिली, आता त्याने देशासाठी खेळावे आणि गप्प बसावे.

धनराजचा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांना तो सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्याच्याकडे चेंडू आला म्हणजे प्रेक्षक उठून उभे राहत. केस उडताहेत, स्टिक खाली झुकली आहे आणि तो तीन-तीन बचावपटूंच्या मधून वाट काढत गोलाकडे धावतो आहे. एखाद्या सहकाऱ्याने सोपी संधी घालवली, की हा मैदानातच हात आपटायचा, ओरडायचा. तापट म्हणून त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. ती सगळीच खोटी होती, असे मी म्हणणार नाही. पण हरण्याची सवय लागलेल्या संघात एकाला तरी हरण्याचा राग येत होता, हेही विसरू नये.

तो चार ऑलिम्पिक खेळला : 1992, 1996, 2000, 2004. चार विश्वचषक खेळला : 1990, 1994, 1998, 2002. चार एशियाड आणि चार चॅम्पियन्स करंडक स्पर्धा वेगळ्या. 1994 च्या सिडनीच्या विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटा भारतीय होता. पण ऑलिम्पिकमध्ये भारत सातवा, आठवा, सातवा आणि पुन्हा सातवा आला. त्याच्या गळ्यात ना ऑलिम्पिकचे पदक पडले, ना विश्वचषकाचे.

मग तो खेळून कमावत कुठे होता? परदेशात. लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, फ्रान्समध्ये लियोनकडून, जर्मनीत स्टुटगार्टकडून, मलेशियातल्या क्लबांकडून, ढाक्याच्या अबाहनीकडून, हाँगकाँगच्या खालसा क्लबकडून. आपला खान्देशी माणूस शेतात भागत नाही म्हणून सुरतेची गाडी धरतो. तिथे घाम गाळतो, पण सणावाराला गावाकडे धावतो. धनराजचे तसेच झाले. व्यावसायिक खेळाडूचा मान आणि मोबदला त्याला परक्या गावात मिळाला आणि देशाची जर्सी घालायला तो प्रत्येक वेळी परत आला.

आता 1998 सालाकडे येऊ. डिसेंबर महिना, बँकॉकचे एशियाड. धनराज कर्णधार. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर झाला, गोलरक्षक आशिष बल्लाळने कमाल केली आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. हॉकीतले एशियाडचे सुवर्ण याआधी मिळाले होते 1966 मध्ये, तेही बँकॉकलाच. बत्तीस वर्षांनी ते परत आले. देशभर आनंद झाला.

आणि पुढच्या काही आठवड्यांत काय झाले? पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडला, त्यात कर्णधार धनराज नव्हता. त्याच्याबरोबर आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू वगळले. प्रशिक्षक महाराजकिशन कौशिक यांनाही दूर केले. विश्रांती दिली, असे भारतीय हॉकी महासंघाने सांगितले. पण खेळाडूंनी चांगल्या सोयी आणि सामन्याचे मानधन मागितले होते, परदेश दौऱ्यातल्या तुटपुंज्या भत्त्याविषयी ते उघड बोलले होते, त्याची ही शिक्षा आहे, असेच सर्वत्र मानले गेले.

आपल्या मराठीत नारळ मोठा अर्थपूर्ण आहे. सत्कार करायचा, तर शाल आणि नारळ. कामावरून काढायचे, तरी म्हणतात ‘नारळ दिला’. बँकॉकच्या त्या संघाला हे दोन्ही नारळ एका महिन्याच्या अंतराने मिळाले.

मी कविता लिहिणारा माणूस. मला हे दुखणे थोडे ओळखीचे आहे. एकदा एका मोठ्या कार्यक्रमात कविता वाचायला धुळ्याहून लांब गेलो होतो. हारतुरे झाले, शाल झाली, श्रीफळ झाले. निघताना मी एका कार्यकर्त्याला हळूच एस.टी.च्या भाड्याचे विचारले. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू मी सरस्वतीची विटंबना केली. ‘तुमच्यासारख्या माणसाने पैशाचे बोलावे?’ तो म्हणाला. मी नारळ पिशवीत टाकला आणि स्टँडवर आलो. माझे नुकसान शंभर-दीडशे रुपयांचे. पण ज्याच्या पायावर आणि गुडघ्यांवर देश उभा राहून टाळ्या वाजवतो, ज्याची उमेद दहा-पंधरा वर्षांचीच असते, त्याने मोबदला मागितला म्हणजे त्याचे देशप्रेम कमी होते का? त्याच काळात क्रिकेटपटूंच्या जाहिराती घराघरात दिसत होत्या आणि त्यात आपल्याला काही गैर वाटत नव्हते. गरिबाच्या पोराने मात्र फुकट देशभक्ती करावी, अशी आपली अपेक्षा होती.

धनराज संघात परतला. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडला हरवले असते, तर भारत उपांत्य फेरीत जाणार होता. भारत 1-0 ने पुढे होता. सामना संपायला दोनेक मिनिटे उरली असताना पोलंडने गोल केला आणि बरोबरी झाली. त्या दोन मिनिटांत धनराजचे ऑलिम्पिक पदक गेले. तरी तो थांबला नाही. 2002 मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. 2003 मध्ये क्वालालंपूरला अंतिम सामन्यात पाकिस्तानला 4-2 ने हरवून भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. खेलरत्न, पद्मश्री हे मान त्याला मिळाले. 2007 मध्ये संदीप मिश्रा यांनी लिहिलेले त्याचे इंग्रजी चरित्र आले. त्याच्या नावाचा अर्थ आहे, ‘अम्मा, मला माफ कर’. ज्या आईने टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळणाऱ्या पोराला मैदानावर पाठवले, तिची क्षमा मागणारे हे नाव वाचून मला वाटले, क्षमा मागायला हवी होती ती दुसऱ्याच कोणीतरी.

मित्रहो, आणखी एक गोष्ट मला या माणसाविषयी जवळची वाटते. घरात तमिळ, गल्लीत मराठी, संघात हिंदी आणि पंजाबी. आडनाव ऐकून कोणी त्याला मद्रासचा समजे आणि तो मात्र अस्सल पुणेरी भागातला, महाराष्ट्राचा. माझ्या घरात आमची दखनी वळणाची उर्दू, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर अजूनही कोणीतरी आश्चर्याने विचारते, ‘तुम्ही? मराठीत?’ प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो. पण त्याचे उत्तर देऊन देऊन माणूस थकतो. धनराजने ते उत्तर आडनाव न बदलता, भाषण न करता मैदानावर दिले. माणूस कुठला, तर जिथल्या मातीत त्याचे गुडघे फुटले तिथला.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. आधी आणखी वाईट व्हायचे होते. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकसाठी भारत पात्रच ठरला नाही. 1928 नंतर असे पहिल्यांदाच घडले. त्याच वर्षी जुन्या महासंघावर कारवाई झाली. पुढे 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव झाले, करार झाले. मध्ये काही वर्षे ती बंद पडली आणि 2024 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. 2018 पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व घेतले. खेळाडूंना चांगले प्रशिक्षक, चांगली मैदाने आणि पैसा मिळू लागला. परिणाम काय झाला? 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एक्केचाळीस वर्षांनी पदक आले आणि 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा आले. मोबदला मिळाला म्हणून त्या पोरांचे देशप्रेम आटले नाही. उलट पदके आली. 1998 मध्ये ज्या मागण्यांसाठी सात खेळाडूंना घरी बसवले, त्या मागण्या रास्त होत्या, हे पुढच्या पिढीच्या पदकांनी सिद्ध केले. धनराजला मात्र ते गळ्यात घालता आले नाही.

भुसावळच्या, वरणगावच्या वसाहतीत, धुळ्याच्या एखाद्या मोहल्ल्यात आजही कोणाचे तरी पोर वाकडी काठी घेऊन चेंडूमागे धावत असेल. त्याला धनराजची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचे 1998 चे सुवर्ण सांगावे, 2003 चा चषक सांगावा आणि त्याने आपल्या हक्काचे पैसे मागितले होते, हेही न लाजता सांगावे. त्या पोराच्या आईबापांना, गावातल्या मंडळाला आणि नगरसेवकालाही एक गोष्ट सांगावी. पोर जिंकून आले, की त्याची मिरवणूक जरूर काढा, शाल जरूर द्या. पण त्याआधी, ते मैदानावर जाते आहे तोवर, त्याला एक चांगली स्टिक आणि पायात बूट घेऊन द्या.